सीएनजी की पेट्रोल?

खर्चाचा हिशेब लिटर-किलोत गल्लत न करता मांडा. १ किलो सीएनजीत साधारण १.४ ते १.५ लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते. त्यामुळे किलोमागे अंतर जास्त मिळतं, पण सीएनजी किटचे (गाडी गॅसवर चालवणाऱ्या जोडसामानाचे) जादा पैसे रोजचं धावणं भरपूर असेल तरच वसूल होतात.

जागेत पेट्रोल सरळ जिंकतं. गॅस २०० बार दाबाने भरूनही ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये जेमतेम १० किलो मावतो. भराभर भरताना सिलिंडर तापतो, मग तेवढाही बसत नाही. बहुतेक गाड्यांत डिकी जाते ती वेगळीच.

ताकदीत गॅसवर सुमारे १० टक्के घट धरा, कारण मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) गॅस हवेची जागा अडवतो. घाटात, भरल्या गाडीत हे लगेच कळतं.

देखभालीत खरी मेख आहे. सीएनजीतला मुख्य वायू मिथेन; तो पेटायला जास्त व्होल्टेज लागतं. स्पार्क प्लगची गॅप वाढलेली किंवा प्लगला वीज देणारी कॉइल थकलेली असेल तर पेट्रोलवर गुळगुळीत चालणारी गाडी गॅसवर झटके देते. कोरड्या इंधनामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, म्हणून व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हसाठी ठेवलेली बारीक फट) वेळेवर तपासा. पेट्रोलची टाकी रिकामी ठेवू नका: बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम झाल्यावर गॅसवर जातात.

रोज लांब पल्ला आणि वाटेत सीएनजी पंप असेल, तर सीएनजी. महिन्यातून चार फेऱ्या, सामान किंवा घाट असेल तर पेट्रोल.