बी-फ्लॅट ट्रम्पेट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

हे वाद्य सदोष आहे, असे मी पहिल्याच महिन्यात वहीत लिहून ठेवले होते. ते मत आज मागे घेत आहे. कागदावरचा ‘सी’ वाजवला की पेटीवर पांढरी एक (म्हणजे सी) न जुळता काळी पाच (म्हणजे बी-फ्लॅट) जुळत असे. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे स्वर जुळवण्यासाठी सरकवायचा नळीचा भाग, पूर्ण आत ढकलूनही हा एका स्वराचा फरक मिटेना, तेव्हा मी वाद्य दुकानात नेले. तपासणीचे सहाशे रुपये घेऊन, पिस्टनना तेल घालून त्यांनी ते परत दिले. पण बी-फ्लॅट ट्रम्पेटचे नोटेशन प्रत्यक्ष स्वराच्या एक स्वर वर लिहितात, एवढे एक वाक्य त्यांनी सांगितले नाही. त्या सहाशे रुपयांचा राग अजून गेलेला नाही.

मित्राच्या ट्रॉम्बोनने मला आणखी गोंधळात टाकले. त्याची नळीही बी-फ्लॅटचीच, माझ्या सुमारे दीड मीटर नळीच्या जवळजवळ दुप्पट. तरी तो लिहिलेला स्वरच वाजवतो. कारण इतिहासात सापडले. ट्रॉम्बोनला पंधराव्या शतकापासूनच स्लाइड (पुढेमागे सरकणारी नळी) असल्याने त्यातून सगळे स्वर निघत, आणि चर्चमध्ये तो गायकांच्याच ओळी वाजवीत असे. ट्रम्पेट व हॉर्नमधून मात्र १८१८ मध्ये श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी व्हॉल्व्हचे, म्हणजे पिस्टनसारख्या झडपांचे, पेटंट घेण्यापूर्वी मोजकेच स्वर निघत. पट्टी बदलली की वादक नळीचा तुकडा बदलीत आणि लिहिलेला ‘सी’ तोच ठेवीत. आपण पट्टी बदलूनही ‘सा’ला ‘सा’च म्हणतो, तसेच हे आहे, हे उमगल्यावर माझी तक्रार संपली. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये कॉर्नेटपासून सर्वांत मोठ्या बासपर्यंत बहुतेक वाद्यांना याच पद्धतीने लिहितात, म्हणून एका वाद्यावरची बोटे दुसऱ्यावर चालतात. ऑर्केस्ट्रातल्या ट्यूबा या खर्जातल्या पितळी वाद्याच्या वादकाला मात्र खरेच स्वर वाचावे लागत असल्याने वाद्याची पट्टी बदलली की बोटेही नव्याने शिकावी लागतात.

एक अडचण खरीच आहे. पेटीने पांढरी एक धरली, तर माझा ‘सा’ लिहिलेल्या ‘डी’वर येतो, खालच्या सप्तकात त्यासाठी पहिले आणि तिसरे पिस्टन एकत्र दाबावे लागते आणि स्वर चढतो, म्हणून तिसरी स्लाइड दर वेळी बाहेर सरकवावी लागते. यावर सी ट्रम्पेट, म्हणजे लिहिलेला ‘सी’ पांढरी एकवरच वाजवणारा ट्रम्पेट घ्या, असा सल्ला मिळाला होता, परंतु एवढ्यासाठी दुसरे वाद्य घेणे मला पटले नाही. गेल्या महिन्यापासून आमचे पेटीवादक काळी पाच धरतात, आणि माझा ‘सा’ एकही पिस्टन न दाबता लागतो.