माझ्या कॉम्प्युटरचा 'खास' आयडी

एक लिंक उघडली आणि अख्खा स्क्रीन भरून इशारा आला. कर्णकर्कश भोंगा, 'कॉम्प्युटर लॉक झाला आहे, बंद करू नका' अशी दटावणी आणि खाली ठळक फोन नंबर. घाबरून मी फोन लावला. हो, मीच लावला. त्यांना मला शोधावंही लागलं नाही.

पलीकडचा माणूस डॉक्टरसारखा शांत. त्याने रिमोट ॲप उतरवून घ्यायला लावलं, त्यातला कोड विचारला, आणि माझ्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप फिरू लागला. त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडली. लाल खुणा, पिवळे त्रिकोण, शेकड्यांनी. "बघा, केवढं इन्फेक्शन!" खुणा खऱ्याच होत्या. पण धडधाकट विंडोजवरही अशा नोंदी रोज साचतात, हे मला कुठे ठाऊक? मग काळ्या खिडकीत 'नेटस्टॅट' टाइप करून त्याने 'फॉरेन ॲड्रेस'चा रकाना दाखवला. म्हणे परदेशी हॅकर आत शिरलेत. तिथे फॉरेन म्हणजे जोडणीचं पलीकडचं टोक, एवढंच.

तरी मी का-कू करत होतो. तेव्हा त्याने हुकमाचं पान काढलं. "तुमचा लायसन्स आयडी आमच्याकडे आहे. मी वाचतो, तुम्ही स्क्रीनवर पडताळा." 'असॉक' अशी कमांड दिली, लांबलचक यादी सरकली आणि तळाशी ८८८डीसीए६० ने सुरू होणारा क्रमांक. अक्षर न् अक्षर जुळलं. असा नंबर विंडोजच्या कंपनीशिवाय कुणाकडे असणार? मी मुकाट्याने कार्डाचा नंबर दिला, पाच वर्षांच्या 'संरक्षणा'साठी.

संध्याकाळी भाचीला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, आपल्या लॅपटॉपवर तीच कमांड दिली. "मामा, हा बघ माझा खास आयडी." तोच! फाइल झिप करायच्या विंडोजमधल्या एका सोयीचा तो क्रमांक. तुमच्या विंडोजवरही तोच निघेल.

मग आमची धावपळ. आधी नेट तोडलं, बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदलले. ॲप काढून तिचं समाधान होईना, म्हणून विंडोज नव्याने टाकलं. पैसे गेले ते गेलेच. आणि ते 'लॉक' म्हणजे फुल स्क्रीन केलेलं साधं वेबपान. एस्केप दाबून धरलं असतं, नाहीतर कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद केला असता, तर संपलं असतं. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतोच, हेही तेव्हाच कळलं.

भाचीने बजावलं होतं, "हे पुन्हा फोन करतील, रिफंड द्यायला." एकदा फसलेल्याचा नंबर सहसा जपून ठेवतात. रिफंडच्या निमित्ताने बँकेत लॉगिन करायला लावायचं, ब्राउझरमधल्या पानावरचा आकडा बदलून 'चुकून जास्त रक्कम जमा झाली' असं भासवायचं आणि वरचे पैसे गिफ्ट कार्डांनी परत मागायचे.

काही आठवड्यांनी फोन आलाच. कंपनी बंद होतेय, पैसे परत करायचेत. म्हटलं, आधी माझा लायसन्स आयडी सांगा.

"आठ, आठ, आठ, डी..."

पुढची अक्षरं मीच म्हणून दाखवली. फोन तिकडूनच कट झाला.