गच्ची की बाल्कनी? ठाण्यातल्या उन्हाळी बागेचा हिशेब

थंडीत महापालिकेच्या वृक्षवल्ली प्रदर्शनातून नाहीतर घोडबंदर रोडवरच्या नर्सरीतून हौसेने आणलेले पिटुनिया मार्चमध्ये मान टाकतात आणि कुंड्या रिकाम्या होतात. पाडवा तोंडावर असतो. यंदा सुट्टीत गावी जाणं जमत नाहीये, पोरं घरीच आहेत, म्हणजे चार भाज्या लावाव्यात असं घरात कुणीतरी म्हणतंच. मग प्रश्न येतो जागेचा. सोसायटीची गच्ची मोकळी पडलेली असते आणि आपली बाल्कनी जेमतेम कपडे वाळत घालण्याएवढी. मी दोन्हीकडे लावून पाहिलंय. माझं मत पुढे येईलच, पण प्रत्येकाची इमारत वेगळी, दिशा वेगळी आणि कमिटीसुद्धा वेगळी, हे लक्षात ठेवून वाचा. माती किती, कोकोपीट किती, खत कधी, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

उन्हाच्या मुद्द्यावर गच्ची सरळ जिंकते. भेंडी, दुधी, काकडी, मोगरा यांना दिवसाचे सहा-सात तास थेट ऊन लागतं. ते बाल्कनीत कुठून आणणार? त्यातही एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मेच्या मध्यावर ठाण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो तेव्हाच येतो. त्यामुळे डिसेंबरात दक्षिणेच्या बाल्कनीतून हॉलमधल्या सोफ्यापर्यंत येणारं ऊन मे महिन्यात कठड्याच्या आतही शिरत नाही. उलट उत्तरेच्या ज्या बाल्कनीला आपण एरवी अंधारी म्हणतो, तिथे या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं. पूर्वेची बाल्कनी सगळ्यांत सुखी, आणि पश्चिमेची म्हणजे दुपारी दोननंतर भट्टी. आमची पूर्वेची आहे. माझ्या मताला त्याचा थोडा रंग लागलेला असणार, तेवढा वजा करून घ्या.

टोमॅटोचा मोह मात्र दोन्हीकडे टाळा. एप्रिल-मेच्या उकाड्यात झाडाला फुलं येतात आणि गळून जातात, फळ धरत नाही.

आता गच्चीचं कौतुक. ते मनापासून आहे. आमच्या गच्चीवरून येऊरचे डोंगर दिसतात आणि संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की वर बसण्यासारखं सुख नाही. भेंडीची झाडं पोराच्या खांद्याएवढी झाली होती. मोगरा तर असा फुलायचा की देवाला वाहून, आईच्या आणि बायकोच्या केसांत माळून, वर शेजारच्या वहिनींना ओंजळभर द्यायला उरायचा. बाल्कनीतला मोगरा पानं भरपूर धरतो आणि फुलं मोजून देतो. वाळवणाला तर गच्चीला तोडच नाही. कुरडया, सांडगी मिरच्या, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या चिकवड्या हे सगळं बाल्कनीच्या तुकडाभर उन्हात दोन-दोन दिवस ओलं राहतं आणि मग वास धरतं. वर सकाळी घातलं की संध्याकाळपर्यंत वाजायला लागतं. फक्त कावळ्यांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, आणि हे काम सुट्टीतली पोरं पगाराशिवाय करतात.

पण ऊन जितकं भाजीला तितकंच ते फरशीलाही. चायना मोझॅकची गच्ची दुपारी एवढी तापते की संध्याकाळी सहालाही अनवाणी पाय टेकवत नाही, आणि ती झळ खालून कुंडीला लागते. ठाण्यात मार्च-एप्रिल जास्त वाईट. जमिनीवरचा कोरडा पूर्वेचा वारा जोर धरतो, समुद्रावरचा वारा उशिरा येतो आणि पारा चाळिशीकडे सरकतो. मेमध्ये पारा थोडा उतरतो, पण दमटपणाने आपला जीव जातो. झाडं मात्र मे सोसतात, एप्रिल सोसत नाहीत. म्हणून वर पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट बांधावी लागते आणि दोन वेळा पाणी घालावं लागतं, एक वेळ चुकली की वांगं मान टाकतं. शिवाय कुंड्या थेट स्लॅबवर ठेवून चालत नाही. विटांवर किंवा स्टँडवर ठेवाव्या लागतात, नाहीतर पहिल्या पावसानंतर सगळ्यांत वरच्या मजल्यावरचे काका छतावरची ओल दाखवायला घरी बोलावतात. त्यांची चूक नाही. माझं छत असतं तर मीही बोलावलं असतं.

हे सगळं मी सोसलं असतं. सोसत होतोच. माझं मन फिरलं ते चावीमुळे.

आमची लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत जाते. तिथून अर्धा जिना, मग लोखंडी दार, दाराला कुलूप आणि कुलपाची चावी तळमजल्यावर, वॉचमनच्या केबिनमधल्या खिळ्याला. कुलूप लावण्याला कारण आहे, हे मला मान्य आहे. वर पाण्याच्या टाक्या आहेत, कठडा बुटका आहे आणि बाहेरची पोरं पूर्वी वर जाऊन बसायची. म्हणून नियम झाला: सकाळी सात ते दहा, संध्याकाळी पाच ते सात, आणि रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट नंबर, वेळ, सही. कागदावर यात काही वावगं नाही. उन्हाळ्यात बसा मात्र हा नियम घेऊन! पाच वाजता वर पाय ठेवता येत नाही आणि मे महिन्यात सूर्यच सातच्या सुमाराला मावळतो. फरशी निवायला लागते, वारा सुटतो, पोरं पाइप घेऊन एकमेकांना भिजवायला सुरुवात करतात, आणि जिन्यातून आवाज येतो, "काका, सात वाजले, बंद करायचंय."

तेही चाललं असतं. पण सकाळी सातला चावी खिळ्याला असेलच याची खात्री नाही. रात्रपाळीचा वॉचमन जाऊन दिवसपाळीचा यायचा असतो. कधी चावी टाकी साफ करणाऱ्यांनी नेलेली असते, कधी डिश अँटेनावाल्याने, तर कधी ती रात्रीच्या वॉचमनच्या खिशातून त्याच्या घरी गेलेली असते. आणि भेंडी कुणासाठी थांबत नाही. आज बोटाएवढी कोवळी असते, एक दिवस चुकला की परवा ती जून झालेली, सुरीखाली करकरते, भाजीत दोरे निघतात. आम्ही वाढवलेल्या भेंडीतली निम्मी अशीच बियाण्याला गेली असेल. डुप्लिकेट चावीसाठी कमिटीला विचारलं. उत्तर आलं, तुम्हाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. बरोबरच आहे की! आम्ही ज्या बागेत राबत होतो ती कायद्याने सगळ्यांची होती आणि भाजी हवी तेव्हा कुणाचीच नव्हती.

सगळ्यांत जास्त टोचलं ते स्वयंपाकाच्या वेळी. आमटी होत आलीय, बायको लेकीला म्हणते, पटकन कढीपत्ता आण. कढीपत्ता सातव्या मजल्याच्या वर, चावी तळमजल्यावर आणि फोडणी चौथ्यावर. पोरगी आधी खाली गेली, सही केली, वर गेली, तोडला, कुलूप लावलं, पुन्हा खाली जाऊन चावी दिली आणि घरात आली तोवर आम्ही जेवायला बसलो होतो. पुढे पुढे आम्ही सरळ फ्रिजमधला, बाजारातून आणलेला कढीपत्ता घालायला लागलो, आणि वर आपलं झाड तरारून उभं. आईची गोष्ट तर वेगळीच. तिच्या गुडघ्यांना तो अर्धा जिना झेपत नाही. कोकणात परसात वाढलेली बाई, जिला झाडातलं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, ती घरात बसून "आज काय काय आलं?" असं विचारणार. मला हे फार विचित्र वाटायचं.

बाल्कनीचे त्रास लपवत नाही. कबुतरं हा पहिला आणि मोठा. जाळी लावल्याशिवाय धने पेरण्यात अर्थ नाही, एका सकाळीत उकरून टाकतात. दुसरा त्रास गळक्या पाण्याचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दोरीवर साड्या असतात आणि आपल्या कुंडीतून लाल मातीचं पाणी ठिबकतं. "अहो, पाणीऽऽ" अशी हाक ऐकू आली की पाण्याची झारी खाली ठेवून गॅलरीतूनच माफी मागायची. प्रत्येक कुंडीखाली ताटली आणि पाणी रात्री नऊनंतर, एवढ्यावर आमचं मिटलं. अधूनमधून वाटीभर पुदिन्याची चटणी पाठवली की पुढचा महिना शांततेत जातो. तिसरी गोष्ट त्रासाची नाही, धोक्याची आहे: ग्रिलच्या बाहेर काढलेल्या पेटीत जड कुंड्या ठेवू नका. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट सहज वीस किलोच्या घरात जाते. जड ते आत, जमिनीवर. ग्रिलला फक्त हलक्या टांगत्या कुंड्या.

जागा कमी असल्याने बाल्कनीत निवड करावी लागते, आणि ही निवड करताना मला एक सोपा नियम सापडला. जे किलोने लागतं ते जांभळी नाक्याच्या बाजारातून आणावं आणि जे चिमटीने लागतं ते घरी लावावं. कढीपत्ता मोठ्या कुंडीत. हिरव्या मिरचीची दोन झाडं. पुदिना बाजारातल्या जुडीच्याच जाड काड्या पाण्यात ठेवून मुळं फुटली की लावायचा, त्याला अर्धी सावली मानवते, गच्चीवर तो करपायचा. कोथिंबीरही उन्हात लगेच फुलावर येते, बाल्कनीत जरा थांबते. धने रगडून दोन फाकी करून पेरायचे आणि आठवड्याच्या अंतराने वेगवेगळ्या कुंड्यांत, म्हणजे एक संपते तेव्हा दुसरी तयार होते. गवती चहा कोपऱ्यात टाका, तो कुणाला जुमानत नाही. लाल माठ एका उथळ ट्रेमध्ये, महिन्याभरात एका वेळची भाजी होते. फार नाही, पण ताटात दिसते.

आणि खरा फरक ताटातच पडतो. आमची बाल्कनी स्वयंपाकघराला लागून आहे. तेल तापलं, मोहरी तडतडली की एक हात बाहेर जातो. रात्री पाणी घातलेलं असलं की पानांवर थेंब असतात, ते तेलात पडले की जो चर्र आवाज होतो आणि जो वास उठतो, त्याने आतल्या खोलीतला मोबाइलमध्ये बुडालेला मुलगासुद्धा "आज काय आहे?" म्हणत येतो. फ्रिजमधल्या कढीपत्त्याने हे कधी झालं नव्हतं. चैत्रात आईची कैरीची डाळ असते. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, कैरी किसून घालायची, आणि मिरची किती तिखट निघेल ते झाडाकडे बघून ठरवायचं. हल्ली ती स्वतः खुर्ची बाल्कनीत ओढून बसते, नातीला कुठली मिरची तोडायची ते बोटाने दाखवते आणि न विचारता माझ्या पाणी घालण्यातल्या चुका काढते. दुपारच्या मठ्ठ्याला कोथिंबीर, आलं आणि पुदिन्याची चार पानं. पन्ह्यात मात्र वेलदोडाच, तिथे पुदिना घातलेला आईला चालत नाही, आणि खरं तर मलाही नाही.

उत्पन्न किलोत मोजलं तर गच्चीने बाल्कनीला कधीच मागे टाकलंय. पोटात किती गेलं ते विचाराल तर, निदान आमच्या घरी, उलट आहे.

तरीही काही घरांना मी गच्चीच सुचवेन. बाल्कनी पश्चिमेची असेल, तुम्ही सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहत असाल, किंवा गच्ची दिवसभर उघडी असेल तर बाल्कनीसाठी हट्ट धरू नका. तीन-चार घरांनी मिळून वाटून घेतलं तर चावीचा जाचही निम्मा होतो. कमिटीची परवानगी मात्र लेखी घ्या, आणि ती होळीच्या आधी. मे महिन्यात अर्ज केला तर निर्णय गणपतीत येतो. येऊरच्या पायथ्याशी किंवा वसंत विहारकडे राहणाऱ्यांना हेही सांगायला नको की गच्चीवरच्या दुधीत माकडांचा वाटा धरूनच बी लावावं.

बाकी कुणी मला विचारलं, की नवीनच सुरुवात करतोय, कुठे करू, तर मी बाल्कनी म्हणेन. गच्ची आम्हीही सोडलेली नाही. वाळवणाचे दिवस आणि शनिवारची भेळ तिथेच असते, सात वाजेपर्यंत. अक्षय तृतीयेच्या आसपास लावलेलं अळू मेअखेर पानं धरायला लागतं आणि त्याला बाल्कनीतला ओलावा पुरतो, तेव्हा अजून काहीच लावलं नसेल तर तिथून सुरू करा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला की कुंड्यांखालच्या ताटल्या तेवढ्या काढून टाका. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर साड्या वाळत घातलेल्या नसतात.