‘अॅडॅप्टिव्ह’ म्हणून शाळेच्या गळ्यात मारलेलं सॉफ्टवेअर

‘अॅडॅप्टिव्ह’, म्हणजे मुलाच्या उत्तरांप्रमाणे पुढचं शिकवणं बदलणारं, सॉफ्टवेअर घेताना शाळा फसते ती डेमोच्या दिवशीच. विक्रेता स्वतःचा टॅब आणतो, स्वतःचंच लॉगिन उघडतो. चार उत्तरं बरोबर देतो, प्रश्न अवघड होतात. दोन चुकवतो, सोपे होतात. मुख्याध्यापक मान डोलावतात, संस्थेचे सचिव ‘सूट किती?’ विचारतात आणि तीन वर्षांचा करार होतो. पण गुणांवरून प्रश्न सोपा-अवघड करणं साध्या क्विझ अॅपलाही जमतं. पैसे घेतलेले असतात ते ‘मुलाची नेमकी चूक ओळखून शिकवतं’ यासाठी, आणि नेमकं तेच त्यात नसतं.

हे पकडायला वजाबाकी पुरते. तिसरी-चौथीचं नवं लॉगिन आपल्यासमोर तयार करून घ्या. हातच्याच्या वजाबाकीत एकच चूक दरवेळी मुद्दाम करा: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. म्हणजे ५२ − ३८ चं उत्तर २६, ६३ − २७ चं ४४, ७१ − ४५ चं ३४. प्राथमिकच्या कुठल्याही बाईंना ही चूक झोपेतही ओळखू येते. आता पुढे काय येतं ते बघा. खरं सॉफ्टवेअर दशक सुटं करण्याकडे वळेल. ५२ म्हणजे ४ दशक आणि १२ एकक, हे तरी विचारेल. नकली ‘सोपं’ म्हणून ४७ − २३ देतं. त्यात हातचाच नाही, त्यामुळे चुकीच्या रीतीनेही २४ हे बरोबर उत्तर येतं. हिरवी खूण, टाळ्यांचा आवाज, रिपोर्टात ‘प्रगती’. मुलाची चूक पक्की झाली आणि तिचे पैसे शाळेने भरले.

दुसऱ्या लॉगिनवर तेच प्रश्न वाटेल तसे चुकवा. दोन्हीकडे पुढचे दहा प्रश्न सारखेच आले, तर सॉफ्टवेअर चुका फक्त मोजतंय.

मराठी माध्यमात आणखी एक गोम असते: डेमो इंग्रजीत, माल मराठीत. म्हणून मराठीतच एकाच घटकाचे सलग ४० प्रश्न सोडवा. पंधरा-वीस प्रश्नांनंतर तेच तेच फिरून येऊ लागले, तर निवडायला प्रश्नच नाहीत. मग अॅडॅप्टिव्ह होणार कशातून? ‘ऑफलाइनही चालतं’ म्हणाले तर टॅब एअरप्लेन मोडवर टाकून वजाबाकीचा तोच प्रयोग पुन्हा करा. प्रश्नाची निवड सर्व्हरवर होत असेल, तर नेट गेल्यावर उरतो तो ठरलेल्या क्रमाचा प्रश्नसंच.

अशा सॉफ्टवेअरने मुलांचे गुण वाढल्याचं सांगणाऱ्या दिल्लीतल्या अभ्यासाचं कात्रण विक्रेत्याच्या फाइलमध्ये बहुधा असतंच. अभ्यास खरा आहे: मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन या संशोधकांचा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला, ६१९ मुलांवरचा. पण तो माइंडस्पार्क या एका सॉफ्टवेअरचा आहे. तिथे शाळा सुटल्यावर केंद्रात आठवड्याचे सहा दिवस रोज ९० मिनिटं काम चाले. त्यातली निम्मी संगणकावर, निम्मी छोट्या गटात शिक्षकाबरोबर. आठवड्याला एक तासिका देणाऱ्या भलत्याच अॅपला ते आकडे चिकटवणं ही सरळ लबाडी.

कंपनीच्या रिपोर्टवर तर मुळीच जाऊ नका. सुरुवातीची चाचणी अवघड आणि शेवटची सोपी ठेवली की आलेख चढतोच. त्याऐवजी सहा आठवडे एका तुकडीत विनामूल्य वापर मागा. आधी आणि नंतर त्याच काठिण्यपातळीचे २० प्रश्न कागदावर द्या, पेपर दुसऱ्या वर्गशिक्षकांनी तपासावेत. अॅप न वापरणाऱ्या तुकडीलाही तेच पेपर द्या, नाहीतर वर्गात शिकवल्याने वाढलेले गुणही अॅपच्या खात्यात जातात.

खर्च पालकांवर टाकणार असाल तर, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच काढलेल्या सूचनेत वर्गणीसाठी खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याची सोय टाळायला सांगितलं आहे. शाळेनेही तिन्ही वर्षांचे पैसे एकदम देऊ नयेत. लायसन्स मुलामागे की टॅबमागे, मुलांची उत्तरं एक्सेलमध्ये मिळणार का, मुदत संपल्यावर टॅब लॉक होणार का, हे सहीआधी विचारा. ‘तसं काही होत नाही हो सर’ असं उत्तर आलं, तर तेच वाक्य करारात घालायला सांगा.