लातुरात भाजलेली बाबाबुडनगिरीची कॉफी

औसा रोडवरच्या या छोट्या दुकानात एकाच इस्टेटची, एकाच वाणाची कॉफी दोन वेगळ्या पद्धतींनी तयार केलेली मिळते, आणि मागितल्यास दोन्ही कप शेजारी ठेवून चाखायला देतात. दुकानाचे मोठे मोल मला यातच वाटते. फळ झाडावरून उतरल्यावर त्याचे काय केले जाते, यावर कॉफीची चव किती अवलंबून असते, हे त्या दोन कपांतून जितके स्पष्ट कळते तितके कोणत्याही माहितीपत्रकातून कळणार नाही.

कॉफी येते चिकमगळूर जिल्ह्यातील बाबाबुडनगिरीच्या उतारावरून. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून याच डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. २०१९ मध्ये बाबाबुडनगिरीच्या अरेबिका जातीच्या कॉफीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पाकिटावर इस्टेटची उंची १,२०० मीटर छापली आहे. या उंचीवर रात्री गार असतात, त्यामुळे फळ सावकाश पिकते, दाणा घट्ट भरतो आणि त्यात गोडवा व आंबटपणा दोन्ही उतरतात. झाडे उघड्या रानात नसतात. सिल्व्हर ओक, पांगारा आणि फणसाच्या सावलीत ती वाढतात आणि सिल्व्हर ओकच्या खोडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. या सावलीवर बागेचा जीव अवलंबून असतो, कारण उघड्या उन्हात वाढणाऱ्या अरेबिकाला पांढरा खोडकिडा लवकर गाठतो, आणि तो खोडात शिरल्यावर बहुतेक वेळा झाड उपटून जाळावे लागते. फुलोराही मार्च-एप्रिलच्या सरींवरच ठरतो. सर वेळेवर पडली नाही तर पुढचे पीक घटते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही धास्ती नवी नाही.

वाण एस ७९५ आहे. बाळेहोन्नूर येथे १९२५ मध्ये सुरू झालेल्या संशोधन केंद्राने तो १९४० च्या दशकात लागवडीसाठी दिला, आणि त्याच्या वंशावळीत अरेबिकाबरोबर लायबेरिका जातीचेही रक्त आहे. आज नवे वाण पुष्कळ आहेत, तरी चवीसाठी या जुन्या वाणाला मानणारे बागायतदार टिकून आहेत.

पहिला प्रकार धुतलेल्या कॉफीचा. पूर्ण पिकलेली लाल फळे वेचून पाण्यात टाकतात, तरंगणारी पोकळ फळे काढून टाकतात, उरलेल्यांची साल त्याच दिवशी पल्परमध्ये सोलतात आणि बुळबुळीत गर सुटेपर्यंत दाणे टाकीत आंबवतात. यात काही तास जास्त गेले तरी कपात कुजकट आंबूस वास येतो, म्हणून टाकीवर अनुभवी माणूस लागतो. मग दाणे स्वच्छ धुऊन वाळवतात. दुसऱ्या, म्हणजे नॅचरल प्रकारात फळ सोलतच नाहीत. अख्खी फळे जाळीच्या मंचांवर पसरतात, दिवसभर हलवतात, रात्री दव लागू नये म्हणून झाकतात, आणि हे वाळवण दोन-तीन आठवडे चालते. दोन्ही प्रकारांत दाण्यातील ओल १० ते १२ टक्क्यांपर्यंत उतरवावी लागते. मोंढ्यात सोयाबीन नेल्यावर आडतीवर जसा आधी ओलाव्याचा आकडा पाहतात आणि १२ च्या वर गेला की भाव तोडतात, तसाच हा हिशोब आहे. फरक इतकाच की इथे ओल जास्त राहिली तर बुरशी धरते आणि दाणा गरजेपेक्षा जास्त वाळला तर चव उडून जाते.

मला धुतलेली कॉफी अधिक आवडली. तिच्यात मोसंबीसारखा स्वच्छ आंबटपणा आहे, मागून गुळाची गोडी येते, आणि कप निवल्यावर ती गोडी वाढते. नॅचरलमध्ये सुक्या अंजिराचा दाट वास आहे, पण इथे ती थोडी जास्त भाजलेली वाटली आणि शेवटच्या घोटात कडूपणा रेंगाळला. एवढ्या कष्टाने वाळवलेल्या फळाचा स्वाद भट्टीत झाकला जाऊ नये. तरीही नॅचरल पद्धतीबद्दल मला विशेष आदर आहे, कारण धुतलेल्या कॉफीला पाणी फार लागते आणि ते आंबलेले सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय ओढ्यात सोडणे घातक असते. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाला ही गोष्ट मनापासून पटते.

पाण्याचा प्रश्न कपातही आहे. बोअरच्या जड पाण्यात या कॉफीचा आंबटपणा मरतो, आणि जारमधल्या आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की चव सपक लागते. दुकानात दोन्ही पाणी मिसळून वापरतात आणि विचारल्यास प्रमाणही मोकळेपणाने सांगतात. घरी १५ ग्रॅम पुडीला २५० मिली पाणी, उकळी थांबल्यावर मिनिटभराने ओतलेले, हे मला जमलेले माप.

२५० ग्रॅमची किंमत ५८० रुपये आहे. बाजारातल्या चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची भुकटी) मिसळलेल्या पुडीशी तिची तुलना करू नये. त्या मिश्रणात नियमानुसार ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, आणि इथे एकेक दाणा निवडलेला आहे. तक्रार आहे ती दळलेल्या लहान पाकिटांवर भाजल्याची तारीख नसते याची. दाण्यांच्या पाकिटावर ती असते, मग पुडीवर का नसावी? पुडीचा वास तर दाण्यांपेक्षा कितीतरी लवकर उडतो. दुधाची कॉफी इथे फिकी लागते, त्यासाठी मुद्दाम जाऊ नये.

शक्य असेल तर दाणेच घ्यावेत आणि रोजच्यापुरते दळावेत. तोडणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होत असल्याने नव्या हंगामाचा माल उन्हाळ्यातच पोचतो. त्या सुमारास जाणाऱ्यांनी पाकिटावरील पिकाचे वर्ष पाहूनच घ्यावे.