सुट्टीच्या दिवशीचा कर्मचारी: साताऱ्यातील एका प्रशिक्षणवर्गाचा अभिप्राय

महाविद्यालयाच्या आस्थापना विभागात बसणाऱ्याला एक प्रश्न वरचेवर ऐकावा लागतो: घरी गेल्यावर मी काय करतो, याच्याशी संस्थेचा काय संबंध? त्याचे धड उत्तर मिळावे म्हणून आम्ही तिघे सहकारी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ झालेल्या, विद्यापीठ व महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांवरील एकदिवसीय प्रशिक्षणवर्गाला गेलो होतो.

वर्गाची सर्वांत जमेची बाजू म्हणजे कोणता नियम कोणाला लागू होतो, याचा गुंता व्याख्यात्यांनी आधी सोडवला. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ हे शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आहेत. अकृषी विद्यापीठे व संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी १९८४ ची प्रमाण संहिता आहे. तर प्राध्यापकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत व्यावसायिक नीतिसंहिता दिलेली आहे. आमच्याकडे ही तिन्ही एकाच दोरीत बांधून नोटिसा लिहिल्या जातात, आणि मग त्या टिकत नाहीत.

नीतिसंहितेत शिक्षकाने आपले खासगी व्यवहार व्यवसायाच्या प्रतिष्ठेला साजेसे ठेवावेत, अशी अपेक्षा आहे. या एका वाक्यावर जवळजवळ दीड तास चर्चा झाली आणि ती मला दिवसभरातील सर्वांत मोलाची वाटली. प्रतिष्ठा हा शब्द इतका सैल आहे की एखाद्याचा आंतरजातीय विवाह किंवा घरगुती वादसुद्धा कोणी त्यात ओढू शकेल. म्हणून त्या वर्तनाचा कामाशी, विद्यार्थ्यांशी किंवा पदाच्या वापराशी प्रत्यक्ष संबंध दाखवता आला पाहिजे, असे व्याख्यात्यांनी ठामपणे मांडले. मला ते पूर्णपणे पटते. खासगी शिकवण्यांचे उदाहरणही तसेच उलगडले: जबाबदाऱ्यांमध्ये अडथळा आणू शकेल असे दुसरे काम नको, हा तेथे मुद्दा आहे.

निवडणुकीचा भागही नेमका होता. १९७९ च्या नियमांनुसार शासकीय कर्मचारी मतदान करू शकतो, पण प्रचार करू शकत नाही, आणि स्वतःच्या वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे हासुद्धा प्रभाव वापरण्याचाच प्रकार ठरतो. हे ऐकून सभागृहात बरीच कुजबुज झाली. लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त भेट दिलेले ठिकाण आणि मालकाने पुरवलेले प्रवासाचे वाहन हेही कामाचे ठिकाण मानले जाते, त्यामुळे विभागाची अभ्याससहल कासला गेली तरी नियम सोबतच जातात, हेही नीट समजले.

उणीव जाणवली ती आपल्या भागाविषयी. सातारा-सांगलीत कर्मचारी पतसंस्थेत असतो, दूध संस्थेत असतो, भाऊ साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभा असतो. त्याने परवानगी केव्हा घ्यावी आणि भावासाठी कोठपर्यंत धावावे, या प्रश्नांना दहा मिनिटेच मिळाली. समाजमाध्यमांवरील गटांचा विषयही जेवणानंतर घाईने उरकला. शिवाय हाती दिलेली टिपणे इंग्रजीत होती. शिपाई आणि प्रयोगशाळा परिचर यांना ती वाचता येत नसतील, तर शिस्तीची अपेक्षा कोणाकडून करायची? पुढच्या वर्गात मराठी टिपणे द्यावीत आणि सहकारी संस्थांसाठी पूर्ण एक तास राखावा, असे आम्ही तिघांनी अभिप्राय-पत्रकात लिहून दिले आहे.