एचपी ३४७८ए: जुना साडेपाच आकडी मल्टिमीटर घेण्यापूर्वी

बेंचसाठी जुना मल्टिमीटर हवा असेल, तर एचपी ३४७८ए अजूनही उत्तम पर्याय आहे. ३० मिलिव्होल्ट रेंजवर १०० नॅनोव्होल्टपर्यंत वाचतो, शिवाय चार वायरी ओहम मापन (ज्यात तारांचा स्वतःचा रेझिस्टन्स मोजला जात नाही) आहे.

किंमत ठरवताना डबा किती चकचकीत आहे ते पाहू नका. खरी मोलाची गोष्ट आत आहे: कॅलिब्रेशनचे आकडे (मापन अचूक ठेवणाऱ्या दुरुस्त्या) रॅममध्ये असतात आणि बंद मीटरमध्ये त्यांना ३ व्होल्टची सोल्डर केलेली लिथियम बॅटरी जगवते. ती संपली की आकडे गेले, आणि पूर्ण कॅलिब्रेशनचा खर्च मीटरपेक्षा जास्त होऊ शकतो. म्हणून घेतल्या घेतल्या जीपीआयबीवरून (मीटर संगणकाला जोडायच्या पोर्टवरून) रॅमची प्रत काढून ठेवा. मगच बॅटरी बदला. जुनी काढण्याआधी ३ व्होल्टचा दुसरा पुरवठा डायोडमधून समांतर जोडा, पोलॅरिटी दोनदा तपासा. समोरचा कॅल एनेबल स्क्रू (कॅलिब्रेशनचे आकडे बदलायची मुभा देणारा) मात्र चुकूनही फिरवू नका.

इनपुटची गळती, म्हणजे इनपुटमधून नको तो करंट वाहतो का, हमखास तपासा. ३ व्होल्ट रेंजवर दीड व्होल्टचा सेल थेट मोजा, मग १० मेगाओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घालून. या रेंजला इनपुट रेझिस्टन्स १० गिगाओहमच्या वर असतो, त्यामुळे फरक दीड मिलिव्होल्टच्या आसपास किंवा कमीच हवा. जास्त पडला तर आधी टर्मिनल आणि बोर्ड आयसोप्रोपिलने धुवा. तरीही राहिला तर इनपुट संरक्षणाचे भाग संशयित.

एलसीडी कडेने काळवंडली असेल, तर भाव सरळ पाडून मागा. मूळची एलसीडी सहसा दुसऱ्या मीटरमधून काढावी लागते.